गाठ आत की बाहेर?

खोलीत अंधार केलाय. टॉवेलच्या घडीवर टेकवलेल्या अंडकोशावरून, जेल लावलेला सोनोग्राफीचा प्रोब सावकाश फिरतोय. दुखत नाही, किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही. दोन्ही बाजू तपासतात, तक्रार एकाच बाजूची असली तरी.

पडद्यावर निरोगी वृषण बारीक रव्यासारखं एकसारखं राखाडी दिसतं, भोवती पांढरी कड. डॉक्टर आधी पाहतात ते एवढंच : हाताला लागलेली गाठ या कडेच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल, म्हणजे हायड्रोसील (वृषणाभोवती साठलेलं पाणी), पाण्याची गाठ किंवा फुगलेल्या शिरा, तर ती बहुधा साधीच निघते. आत असेल आणि भरीव असेल, तर तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत ती कर्करोगाचीच धरतात.

हा पाहा, राखाडीत उठून दिसणारा काळपट डाग. सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार, बहुतेकदा असा दिसतो. इतर प्रकारच्या गाठी ओबडधोबड असतात, मध्ये पाण्याचे कप्पे, चुन्याचे ठिपके. डॉप्लर लावला की लाल-निळ्या रंगांत रक्तप्रवाह दिसतो. तो दिसला नाही, तरी निश्चिंत होता येत नाही; लहान गाठीत तो पकडणं अवघडच.

सोनोग्राफीतून गाठ सहसा सुटत नाही. मात्र ती नेमकी कशाची, हे चित्रावरून ठरत नाही. एरवी सुई घालून तुकडा काढतात. इथे ते टाळतात, पेशी भलत्या वाटेने पसरतील म्हणून. रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच हे या कर्करोगात वाढू शकणारे पदार्थ पाहतात. चित्र संदिग्ध असेल तर एमआरआय. मग जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात आणि निदान पक्कं होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली.

रोग पसरलाय का हे पाहायला पुढे सीटी स्कॅन करतात; तो पोटाचा का? गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि खाली उतरताना आपल्या लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) सोबत आणतात. म्हणून रोग पसरला, तर बहुधा आधी पोटात मागे, महाधमनीजवळच्या लसिकाग्रंथींत जातो. एखादा तरुण नुसती कंबरदुखी घेऊन येतो आणि मूळ सापडतं वृषणात.

हा रोग मुख्यतः १५ ते ४० या वयातला. गाठ बहुधा दुखत नाही, सांगायची लाज वाटते, आणि महिने जातात. खरं तर लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. एक वृषण काढलं तरी दुसरं निरोगी असल्यास संप्रेरकांचं काम बहुधा नीट चालतं. मूल हवं असेल, तर वीर्य साठवण्याबद्दल शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावं.