एकाच पाण्याचे दोन आकडे

सिरिंजच्या टोकाला आम्लाचा थेंब लोंबतोय. पडला. कुपीतलं निळं पाणी क्षणभर गुलाबी झालं, हलवल्यावर पुन्हा निळं. अजून एक थेंब, आणि आता गुलाबी रंग टिकला. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद (क्षारता), ८.२. प्रवाळांच्या समुद्री टाकीशेजारचं स्वयंचलित यंत्र मात्र त्याच पाण्याला ८.९ म्हणतंय.

यंत्रात ८.२ भरून मोकळं व्हायचा मोह होतो. पण हातातल्या किटवर तरी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

म्हणून आधी किटची परीक्षा. ३ ग्रॅम कोरडा खाण्याचा सोडा आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करा. त्यातलं १०० मिली घेऊन, त्यात आरओ-डीआय पाणी घालून पुन्हा १ लिटर करा. हे १० डीकेएचचं (डीकेएच म्हणजे केएचचं एकक) द्रावण. थेट ०.३ ग्रॅम तोलला तर छोट्या काट्याची चूकच भारी पडते. नळाचं पाणी नको, त्याला स्वतःचा केएच असतो. किटने इथे १०.४ दाखवलं, तर त्याचं प्रत्येक उत्तर १.०४ ने भागायचं.

आता यंत्र. तेही पंपाने आम्ल घालूनच केएच मोजतं. आम्लाच्या नळीत बुडबुडा आहे का, उजेडात धरून बघा. पंप फिरतो, पण आम्ल कमी पडतं. यंत्र फेरे मोजतं आणि केएच जास्त सांगतं. पंपाची नळी झिजली तरी हेच. नमुन्याच्या पाण्याचा पंप कमी ओढत असेल, तर उलट केएच कमी दिसतो. पंपाला ५० मिली आरओ पाणी ओतायला लावून काट्यावर ठेवा: ५० ग्रॅम भरायला हवं. यंत्रात पीएच प्रोब (आम्लता मोजणारी कांडी) असेल तर तो ७ आणि ४ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावा. समुद्री टाकीसाठी अनेक जण ७ आणि १० वापरतात, पण हे टायट्रेशन (आम्ल थेंबाथेंबाने घालून मोजणं) पीएच साडेचारच्या आसपास संपतं.

एवढं करूनही फरक उरला, तर यंत्र नमुना घेईल त्याच मिनिटाला, त्याच जागेवरून हाताच्या चाचणीसाठी पाणी काढा. केएच दिवसभर हलत असतो. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याला लावून उपयोग नाही. चाचणी तीनदा करा आणि मधलं उत्तर धरा. ८.२ भागिले ८.९, म्हणजे ०.९२. हा गुणक यंत्रात भरायचा. सरळ ०.७ वजा करू नका: मापातली चूक केएचबरोबर वाढते, कमी होते. फरक ०.२ च्या आत असेल तर हात लावू नका, तेवढी चूक डोळ्यांनी रंग ओळखण्यातच होते.

गुणक भरण्याआधी डोसिंग पंप (केएच घटला की टाकीत क्षार ओतणारा) बंद करायला विसरू नका, हे फार महत्त्वाचं. आकडा एका झटक्यात ८.९ वरून ८.२ वर येतो. केएच घसरला असं समजून पंप क्षार ओतत सुटतो आणि भोगतात प्रवाळ. यंत्राची पुढची दोन-तीन उत्तरं हाताच्या चाचणीशी जुळली, की मग पंप पुन्हा चालू करा.