काळ पुस्तकं वाचत नाही

मित्रहो, जुन्या पुस्तकाचं कौतुक करताना आपण हमखास म्हणतो, ‘काळाच्या कसोटीला उतरलेलं पुस्तक’. मीही वर्गात अनेक वर्षं हेच सांगत आले. पण अमेरिकन कादंबऱ्या शिकवता शिकवता या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. काळ पुस्तकं वाचत नाही. ती माणसं वाचतात, आणि कोणतं पुस्तक हाती पडावं, कोणतं गोदामात कुजावं, हेही माणसंच ठरवतात.

स्कॉट फिट्झगेराल्डचंच घ्या. ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ साली आली आणि बेताचीच खपली. १९४० च्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हा वय अवघं ४४. रॉयल्टीचा शेवटचा चेक १३ डॉलर १३ सेंटचा होता, आणि दुसऱ्या छपाईच्या प्रती अजून प्रकाशकाकडे पडून होत्या. मग महायुद्धात सैनिकांसाठी गणवेशाच्या खिशात मावतील अशी स्वस्त, कागदी बांधणीची पुस्तकं छापायची योजना निघाली. १९४५ साली त्या यादीत गॅट्सबीची वर्णी लागली. १ लाख ५५ हजार प्रती फुकट वाटल्या गेल्या. पुढे समीक्षक तिच्याकडे वळले, कॉलेजं वळली, आणि आज तिच्याशिवाय अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम होत नाही. मधल्या काळात कादंबरीतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

मार्क ट्वेनची गोष्ट वेगळी. तो विसरला कधीच गेला नाही, पण ‘हकलबरी फिन’वरून १८८५ पासून भांडण चालू आहे. त्या वर्षी कॉंकर्ड गावच्या ग्रंथालयाने ती कादंबरी काढून टाकली. कारण काय? भाषा गावंढळ आणि पोरगा उनाड. गुलामगिरीबद्दल, त्या पोराबरोबर पळालेल्या जिम या काळ्या गुलामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आक्षेप आला तो काळ्या पालकांकडून. काळ्या माणसाला हिणवणारा तो शब्द या कादंबरीत दोनशेहून अधिक वेळा येतो. २०११ साली एका प्रकाशकाने त्याजागी ‘गुलाम’ घालून आवृत्ती काढली.

मला ती आवृत्ती पटत नाही. ट्वेनने आपल्या समाजाचं तोंड जसं होतं तसं दाखवलं, ते आपण धुऊनपुसून देऊ नये. पण वर्गात एकच काळा मुलगा बसलेला आहे, मोठ्याने वाचन चाललं आहे, आणि तो शब्द आला की सगळ्या माना त्याच्याकडे वळताहेत. अशा वेळी ‘अभिजात आहे, वाच’ एवढंच म्हणणारा शिक्षकही मला पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या लिखाणातले जातिवाचक शब्द वर्गात वाचले जात असताना ज्यांनी खाली मान घालून बाक कोरला आहे, त्यांना हे मी समजावून सांगायला नको.

या पेचाला मला भावलेलं उत्तर एका कादंबरीकाराने दिलं. पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ मध्ये तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली. त्यांचा जिम गोऱ्यांसमोर मोडकंतोडकं बोलतो, कारण जगायचं तर तसं बोलावं लागतं. आपल्या माणसांत तो अस्खलित बोलतो, आणि मुलांनाही गोऱ्यांपुढे अडखळत कसं बोलायचं ते शिकवतो. त्या पुस्तकाला पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. ते वाचून मी पुन्हा ट्वेनकडे गेले, आणि जिमचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येऊ लागलं.

आता जिच्यासाठी मी खरं तर आज उभी राहिले, ती झोरा नील हर्स्टन. फ्लॉरिडातल्या ईटनव्हिल या काळ्या लोकांनीच वसवलेल्या गावात ती वाढली. फ्रान्झ बोआससारख्या मानववंशशास्त्रज्ञाकडे शिकली, दक्षिणेत हिंडून लोककथा गोळा केल्या, आणि १९३७ साली ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ लिहिली, आपल्या माणसांच्या बोलीत. रिचर्ड राइट या काळ्या लेखकानेच तिच्यावर सडकून टीका केली: यात ना विषय, ना संदेश, गोऱ्यांची करमणूक तेवढी. बोलीत लिहिणाऱ्यांना आपल्याकडेही दोन्ही बाजूंनी मार बसलेला आहे. वरचे म्हणतात अशुद्ध, घरचे म्हणतात आमची शोभा केलीस. हळूहळू तिची पुस्तकं बाजारातून गेली. उतारवयात तिने मायामीत मोलकरणीचं काम केलं. १९६० च्या जानेवारीत सरकारी आश्रयगृहात तिचा अंत झाला. लोकांनी वर्गणी काढून तिला पुरलं. थडग्यावर दगड नव्हता.

तिचं सामान जाळायला काढलं होतं. तिला ओळखणारा एक काळा पोलीस वाटेने जाताना थांबला आणि त्याने पाणी मारून आग विझवली. तिचे कडा जळालेले कागद आज फ्लॉरिडा विद्यापीठात आहेत. कुठला काळ आणि कुठली कसोटी! एक माणूस थांबला, एवढंच.

आणखी एक थांबली १९७३ मध्ये. काळी लेखिका अ‍ॅलिस वॉकर तेव्हा तिशीचीही नव्हती. ‘मी झोराची भाची’ असं खोटंच सांगून ती झोराला जिथे पुरलं त्या फ्लॉरिडातल्या फोर्ट पिअर्स गावात विचारपूस करत फिरली. दफनभूमीत कमरेएवढं गवत, सापांची भीती. शेवटी तिने चक्क हाक मारली, ‘झोरा!’ आणि पाय एका खड्ड्यात गेला. तीच जागा, असं तिने मानलं. मनात भरलेला उंच काळा दगड परवडेना, म्हणून तिने साधा करडा घेतला. त्यावर कोरून घेतलं: दक्षिणेची प्रतिभा. दोन वर्षांनी या शोधावरचा वॉकरचा लेख आला, १९७८ मध्ये झोराची कादंबरी पुन्हा छापली गेली, आणि आज हजारो वर्गांत ती वाचली जाते.

त्या दगडावर जन्मसाल १९०१ आहे. खरं साल १८९१. चूक वॉकरची नाही, साल झोरानेच बदललं होतं. मेरीलँडमध्ये फुकट शिक्षण ठरावीक वयापर्यंतच मिळे. १९१७ साली २६ वर्षांच्या झोराने वय १६ सांगितलं आणि शाळेत नाव घातलं.