पुढचा पाय बघा

नमस्कार मंडळी. चहा हातात असेल तर बरंच आहे, कारण आज क्रिकेटवर बोलायचंय आणि क्रिकेटवर चहाशिवाय बोलता येत नाही असं निदान आमच्या घरात तरी मानतात.

विषय तसा जुनाच आहे. फॉर्म. अमक्याचा फॉर्म गेला, तमक्याचा परत आला, हे आपण इतक्या खात्रीने बोलतो की फॉर्म म्हणजे जणू डेक्कन क्वीनच, सकाळी गेली की संध्याकाळी परत येणारच. तर ह्या फॉर्मचं काय ते मला ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियममध्ये माझ्या मामांनी दाखवलं, अक्षरशः दाखवलं, दुर्बिणीतून. तेच सांगतो.

न्यूझीलंडची टीम आली होती आठवतंय ना. पहिली टेस्ट बंगळुरूला, पहिला दिवस पावसाने धुतला, दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत रोहितने टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि आपण सगळे मिळून ४६. सेहेचाळीस! पाच जण शून्यावर, त्यात विराट पण. मॅट हेन्रीने १५ रन देऊन ५ घेतले. पण मग दुसऱ्या डावात आपण ४६२ केले, सरफराझ १५०, पंत ९९, रोहित ५२, विराट ७०, त्यातच विराटचे टेस्टमधले ९००० पण झाले. मॅच गेलीच ती ८ विकेटने, पण आमच्या ऑफिसात, सोसायटीत, केशकर्तनालयात सगळीकडे एकच वाक्य, हरलो ते जाऊ दे, रोहित-विराट दोघांचा फॉर्म आला ना, बस.

मी हेच वाक्य उत्साहात मामांना फोनवर ऐकवलं. मामा डोंबिवलीचे, रेल्वेतून रिटायर्ड, तरुणपणी कांगा लीग खेळलेले, अगदी खालच्या डिव्हिजनला, पण खेळलेले. कांगा लीग म्हणजे भर पावसाळ्यात, न झाकलेल्या पिचवर, जिथे चेंडू टप्पा पडल्यावर काय करेल ते चेंडूलाही ठाऊक नसतं. मामा म्हणाले, "रन बघितलेस तू. पाय बघितलास का?" मी म्हटलं कसला पाय. तर म्हणाले, "तिकिटं काढ पुण्याची, मी येतो."

झालं. मामा गुरुवारी संध्याकाळी हजर. तोवर पहिला दिवस टीव्हीवर संपत आला होता, वॉशिंग्टन सुंदरने ५९ रनमध्ये ७ काढून त्यांना २५९ वर आवरलं म्हणून आम्ही खुश, आणि शेवटच्या अर्ध्या तासात रोहित साऊदीला बोल्ड, शून्य. मामी फोनवर विचारत होती पोचलात का, मामा म्हणाले पोचलो, रोहित गेला.

शुक्रवारी सकाळी लोकलने देहूरोड, तिथून रिक्षा, मग चालत. गहुंजेला जे गेलेत त्यांना सांगायला नको, बहुतेक स्टँडना छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन थेट टाळूवर. लोक रुमाल भिजवून डोक्यावर घेऊन बसलेले. मामांची ती छोटी दुर्बीण गेटवरून आत कशी सुटली देव जाणे, माझी तर साधी चिल्लर काढून घेतली.

आमच्या पुढच्या रांगेत विराटच्या १८ नंबरचे टीशर्ट घातलेली कॉलेजची पोरं. बाजूला एक गृहस्थ, चेहऱ्यावरूनच कळत होतं की आज ऑफिसला तब्येत बरी नाही असं कळवून आलेत, फोन वाजला की उलटा करून मांडीवर ठेवायचे. आणि चर्चा सुरू. विराट आज दोनशे मारणार, कारण ह्याच ग्राउंडवर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेला नाबाद २५४ मारलेले. हे बरोबरच होतं, ते त्याचं टेस्टमधलं सगळ्यात मोठं. त्यावर ऑफिसवाले गृहस्थ, "अहो २०१७ पण इथलंच ना?" सगळे गप्प. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने तेव्हा दोन्ही डावांत ३५ ला ६ काढलेले, आपण १०५ आणि १०७, हरलो ३३३ रनने, आणि विराट पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १३ वर ओ'कीफचा चेंडू सोडून द्यायला गेला आणि बोल्ड झाला. एकच ग्राउंड, दोन वर्षांचं अंतर. आपल्याला जे हवं ते आठवायचं झालं.

शुभमन गिल गेला, सँटनरला एलबीडब्ल्यू, ३०. आणि मग जो गलका उठला तो तुम्हाला रेडिओवरून ऐकवता आला असता तर बरं झालं असतं. विराट येत होता. सगळं स्टेडियम उभं. मामा एकटे बसलेले. दुर्बीण लावून. मला म्हणाले, "गार्ड घेतल्यावर बघ, फक्त पुढचा पाय बघ. चेंडू बघू नकोस, बॅट बघू नकोस."

आता हे जरा नीट सांगतो, कारण खरी गोष्ट इथे आहे. सँटनर डावखुरा स्पिनर. उजव्या हाताच्या बॅट्समनला त्याचा चेंडू टप्पा पडून बाहेर वळतो, स्लिपकडे, आणि एखादा वळतच नाही, तसाच आत येतो, स्टंपवर. पुण्याचं ते काळ्या मातीचं कोरडं पिच, त्यावर कोणता वळेल आणि कोणता नाही हे सँटनरला तरी प्रत्येक वेळी माहीत असेल का शंकाच आहे. वर तो वेग सारखा बदलत होता, एक हळू, एक अजून हळू, मग एक सुर्रकन. अशा वेळी दोनच रस्ते. एक तर पाय पुढे टाकून चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोचायचं, म्हणजे वळायला जागाच मिळत नाही. नाहीतर पूर्ण मागे, स्टंपजवळ जाऊन, वळलेला चेंडू बघून खेळायचं. मधे अडकलात की संपलं. पूर्वी अजून एक तिसरी सोय होती, पाय लांब पुढे काढायचा, बॅट पॅडच्या मागे लपवायची, चेंडू पॅडवर आदळला तरी अंपायर म्हणायचा एवढ्या पुढे आलाय तर नॉट आउट. डीआरएसने, म्हणजे अंपायरचा निर्णय रिप्लेवर तपासून घ्यायच्या पद्धतीने, ती सोय बंद केली. आता रेषा दिसते स्क्रीनवर, चेंडू स्टंपवर जातोय, चला घरी. त्यामुळे बॅटनेच खेळावं लागतं आणि पाय नेमका पोचावा लागतो.

मी बघितलं मामा म्हणाले तसं. अवघड असतं हो, डोळे चेंडूमागेच पळतात. पण दोन-तीन चेंडूंनंतर दिसायला लागलं. पाय निघत होता आणि थांबत होता. म्हणजे मागे ठेवलेला नाही, पुढेही पोचलेला नाही, कोणीतरी दारात उभं राहून आत येऊ का नको विचारतं ना तसा. आणि पाय थांबला की वरचं सगळं शरीर हाताने भरपाई करतं, बॅट पुढे ढकलली जाते. मामांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बंगळुरूला ७० केले तेव्हाही हाच पाय होता. तिथलं पिच दुसऱ्या डावात बॅटिंगला चांगलं झालं होतं, म्हणून चाललं."

आणि मग तो चेंडू. वरून आम्हाला काहीच कळलं नाही, बॅट आडवी फिरली एवढं दिसलं आणि किवी नाचायला लागले. नऊ चेंडूंत १. मोठ्या स्क्रीनवर रिप्ले आला तेव्हा कळलं, फुल टॉस. हळू, लोंबता फुल टॉस, जो गल्लीत पोरगं लेगला फेकतं आणि काच फुटते. विराट एक क्षण तिथेच वाकून उभा. पुढची पोरं पण. एकाने टीशर्टच्या बाहीने तोंड पुसलं, घाम होता बहुतेक. मग हळूहळू बोलणं सुरू, बॅडलक रे, फुल टॉसवर कोणीही आउट होतो, फॉर्म टेम्पररी क्लास परमनंट वगैरे. ऑफिसवाल्यांचा फोन वाजत होता, त्यांनी उचलला नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपण १०७ ला ७. सगळे १५६. सँटनर ५३ ला ७, आणि गंमत म्हणजे त्याआधी त्या माणसाने टेस्टमध्ये एकदाही डावात पाच विकेट घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या डावात अजून ६. आपण ११३ रनने हरलो, २०१२ मध्ये इंग्लंडकडून हरलो होतो त्यानंतर घरच्या मैदानावर सलग १८ सिरीज जिंकल्या होत्या, ती माळ आमच्या गहुंजेत तुटली.

आता तुम्ही म्हणाल पिचच तसं होतं, कोणाचाही पाय अडकेल. अर्धं खरं आहे. पण त्याच पिचवर दुसऱ्या डावात यशस्वी जयस्वालने ६५ चेंडूंत ७७ मारले. पुढे तिसऱ्या टेस्टला वानखेडेवर गिलने ९०, पंतने ६० आणि ६४. म्हणजे रन होते तिथे, विराट-रोहित दोघांना मिळत नव्हते. पूर्ण सिरीजमध्ये सहा डावांत विराटचे ९३, रोहितचे ९१. आणि त्यातले ७० आणि ५२ बंगळुरूच्या एकाच डावातले. ते वजा करा आणि काय उरतं बघा.

मला विचाराल तर ह्याला फॉर्म म्हणणंच चूक आहे. फॉर्म जाणं म्हणजे सचिनचं २००३-०४ चं ऑस्ट्रेलिया. ०, १, ३७, ०, ४४. कव्हर ड्राइव्ह मारायला जायचा आणि आउट व्हायचा. तर सिडनीला त्याने तो कव्हर ड्राइव्हच खेळायचा सोडून दिला. ४३६ चेंडू, नाबाद २४१. एक खिडकी बंद केली आणि घर सावरलं. पण डावखुऱ्या स्पिनरसमोर पाय मधेच थांबतोय हा बंद करता येईल असा शॉट नाही, ती सवय आहे, आणि ती सवय रोज वळणाऱ्या पिचवर तास न् तास खेळूनच सुटते. ती जागा म्हणजे रणजी, आपल्या राज्यांच्या टीमची स्पर्धा, आणि तेव्हा रोहितची शेवटची रणजी मॅच २०१५ ची होती आणि विराटची २०१२ ची. बरं, दोष एकट्या त्यांचाही नाही, वर्षभर विमानात असलेला माणूस रणजी कधी खेळणार. आणि वळणारी पिचं आपणच बनवून घेत होतो, समोरच्याला लवकर गुंडाळायला. त्यात आपलेच लोक गुंडाळले जातील हा हिशोब कोणी केला नव्हता.

प्रेक्षक म्हणून आपण पण काही कमी नाही हं. मार्च २००६, वानखेडे, इंग्लंड. सचिन पहिल्या डावात १ वर आउट झाला आणि काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. सचिनची. वानखेडेवर. मामा तेव्हा स्टेडियममध्ये होते आणि अजून त्यांना ते सांगताना लाज वाटते, त्यांनी स्वतः उडवली नव्हती तरी. शेजारच्या माणसाशी भांडले होते म्हणे, माणूस गुजराथीत, मामा मराठीत. दुसऱ्या डावात आपण १०० ला ऑल आउट आणि त्यात सगळ्यात जास्त सचिनचे, ३४. मला गहुंजेत एक बरं वाटलं की त्या दिवशी कोणी हुर्यो केली नाही. नुसती शांतता होती. पण ती जास्त वाईट का कमी वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

वानखेडेची मॅच ऐन दिवाळीत, पहिला दिवस म्हणजे लक्ष्मीपूजन. संध्याकाळी इकडे पूजेची मांडामांड आणि तिकडे ७८ ला १ वरून ८६ ला ४. जयस्वाल रिव्हर्स स्वीप मारताना बोल्ड, दिवस संपताना मोठ्या बॅट्समनला वाचवायला आधी पाठवलेला नाइट वॉचमन सिराज पहिल्याच चेंडूवर, आणि विराट रन आउट, ४. दिवस संपायला मिनिटं राहिलेली आणि हा मिड ऑनला ढकलून पळतोय. आई म्हणाली नारळ आण, मी रिमोट आणला.

तिसऱ्या दिवशी भाऊबीज. मामा आईकडे ओवाळून घ्यायला पुण्यात आलेले. १४७ हवे होते. समोर एजाझ पटेल, म्हणजे मुंबईतच जन्मलेला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेला, २०२१ मध्ये ह्याच वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा घेतलेला आपला परकीय. आपण २९ ला ५. रोहित ११, विराट १. पंत एकटा मारत होता आणि घरात सगळे त्याच्याबरोबर श्वास धरून, पण तोही ६४ वर गेला, आणि आपण १२१ ला ऑल आउट. ३-०. घरी तीन टेस्टच्या सिरीजमध्ये असं कधीच झालं नव्हतं. आई ताम्हण घेऊन उभी, मामा पाटावर बसलेले पण मान टीव्हीकडे, त्यामुळे कुंकवाचा टिळा सरळ न लागता भुवईवर गेला. तो मामांनी दिवसभर पुसला नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, ऑस्ट्रेलियात पर्थला विराटचं शतक, नाबाद १००, लगेच सगळीकडे फॉर्म आला फॉर्म आला, मग सिरीजभर ऑफ स्टंपबाहेरचे कॅच, रोहित सिडनीला स्वतःच बाहेर बसला, आणि मे २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोघांनी टेस्ट सोडली.

पण त्याआधी जानेवारीत रोहित मुंबईकडून रणजी खेळला. बीकेसीच्या ग्राउंडवर, जम्मू-काश्मीरविरुद्ध. मामा सकाळची लोकल पकडून गेले, दुर्बीण घेऊन. पहिल्या डावात ३. दुसऱ्या डावात २८, त्यात सिक्सर. मुंबई हरली ती मॅच. संध्याकाळी मीच फोन केला, आधी स्कोअर नाही विचारला, सुधारलोय मी. म्हटलं, "मामा, पाय कसा वाटला?"

पलीकडून बराच वेळ नुसता डोंबिवलीच्या गाडीचा खडखडाट.

"अरे पुढे इतकी पोरं उभी होती," मामा म्हणाले, "की कमरेखालचं काही दिसलंच नाही."