मागवला होता मुलगा

(दृश्य: रिकामा फलाट. उतरतं ऊन. दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज.)

गाडी येऊन गेली. फलाटाच्या टोकाला, लाकडी फळ्यांच्या ढिगावर अकरा वर्षांची एक मुलगी बसली आहे. लाल केस, आखूड झालेला झगा, जवळ एक जुनी पिशवी. न्यायला आलेला मॅथ्यू साठीचा, बायकामुलींशी बोलायलाही बिचकणारा. त्याने आणि त्याच्या बहिणीने मुलगा मागवला होता, शेतात हाताखाली. निरोप कुठेतरी चुकला आणि आली ही.

हे तिला तोंडावर सांगायचं धाडस त्याला होत नाही. बहीण सांगेल काय ते, म्हणून तो तिला घोडागाडीत बसवतो.

कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट. लूसी मॉड मॉंटगोमेरी यांची १९०८ मधली कादंबरी, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. फलाटावरची मुलगी म्हणजेच ॲन. लेखिकेची आई ती दोन वर्षांची व्हायच्या आतच गेली. वडील पश्चिमेकडे निघून गेले, आजी-आजोबांनी तिला वाढवलं.

(दृश्य: डोंगरावरची लाकडी झोपडी.)

अनाथ मुलांच्या अशा कादंबऱ्यांतलं मूल कुणाला हवंच असतं असं नाही. ते येऊन पडतं. 'हायडी' या स्विस कादंबरीतल्या छोट्या हायडीची मावशी फ्रँकफर्टच्या नोकरीपायी तिला डोंगरावरच्या तिरसट आजोबांच्या गळ्यात मारते. 'द सीक्रेट गार्डन'मधली मेरी तर पटकीच्या साथीत हिंदुस्थानातल्या बंगल्यात चक्क विसरली जाते. आईबाप गेले, नोकर पळाले. अखेर माणसं आत शिरतात, तेव्हा ती पाय आपटून विचारते, मला सगळे विसरले कसे? हट्टी, चिडकी पोर. पण मला विचाराल तर या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत खरा प्रश्न हाच.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बोटीवर रांगेत उभी मुलं.)

बाहेरचं जग काही निराळं नव्हतं. १८६९ पासून पुढच्या काही दशकांत ब्रिटनमधून एक लाखाहून जास्त मुलं कॅनडात पाठवली गेली. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. कित्येकांचे आईवडील हयात होते, फक्त गरीब होते. ॲन त्यांच्यातली नाही, ती कॅनडातच जन्मलेली. पण तिनेही तोवर दुसऱ्यांची मुलंच सांभाळली होती. एका घरी तर जुळ्यांच्या तीन जोड्या!

म्हणून मॅथ्यूची बहीण मरिला विचारते ते त्या काळाला धरूनच आहे: हिचा आपल्याला उपयोग काय? मॅथ्यू एरवी फारसा बोलत नाही. तो म्हणतो, आपलाच तिला काही उपयोग होईल.

आईवडिलांच्या कुशीत झोपणारी मुलंही हे पान पुन्हा पुन्हा काढतात. मी कामाची नसते, हुशार नसते, गोरीगोमटी नसते, तर मला ठेवून घेतलं असतं का? दहाव्या वर्षी हा प्रश्न मोठ्याने विचारता येत नाही. पुस्तकात कुणीतरी विचारतं, हे बरं असतं.

मरिला ॲनला परत करायला निघतेही, जिच्यामार्फत ती आली त्या बाईंच्या घरी. तिथे एक खाष्ट बाई मुलं सांभाळायला हिला लगेच न्यायला तयार होते, ॲनला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. मरिलाचं लक्ष ॲनच्या चेहऱ्याकडे जातं. गाडी माघारी फिरते.

(दृश्य: माळ्यावरचं वाळलेलं गवत, गोल झरोका.)

हायडीच्या बाबतीत एवढंही घडत नाही. कुठे झोपायचं ते तीच ठरवते, माळ्यावरच्या गवतात. आजोबा अंथरुण पाहतात आणि खालची फळी टोचू नये म्हणून गवताचा थर वाढवतात. ज्या म्हाताऱ्याने गावाशी संबंध तोडला होता, तो.

(दृश्य: संध्याकाळ. शेतावरचं घर, एका खिडकीत दिवा.)

पुढे मॅथ्यू जातो. बँक बुडते, मरिलाची नजर अधू होते. एकटीने राहायचं कसं, म्हणून ती घर विकायला काढते. ॲनच्या हातात पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. ती सोडून ती शाळेत शिकवायचं ठरवते.

चुकून आलेली मुलगी सांगते, घर विकायचं नाही.