ऑटोमॅटिक बे-विंडो व्हॅन: गिअरबॉक्स खोलण्याआधी तेल बघा

नमस्कार राजेहो! आज फोक्सवॅगनची बे-विंडो व्हॅन, म्हणजे समोर एकच बाकदार काच असलेली, मागे इंजिन असलेली जुनी व्हॅन, तीही ऑटोमॅटिक. हा तीन स्पीडचा गिअरबॉक्स 1973 च्या मॉडेलपासून या व्हॅनमध्ये आला. ऑटोमॅटिक म्हटलं की अर्धे मेकॅनिक कपाळाला हात लावतात. गिअरबॉक्स मात्र दणकट आहे, घात होतो तो बहुतेक वेळा तेलापायी.

इथे तेलं दोन. गिअरबॉक्समध्ये लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि त्याला चिकटूनच असलेल्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागात, 90 नंबरचं घट्ट गिअर ऑइल. मध्ये फक्त शाफ्टवरची सीलं. डिफरेन्शियलमध्ये चुकून एटीएफ भरलं, तर पिनियन, म्हणजे त्यातलं छोटं दातेरी चाक, आधी घुं-घुं करेल, मग संपेल.

[डिपस्टिक कॅमेऱ्याजवळ]

आता मोजणी. गाडी सपाट जागी, तेल गरम, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, लिव्हर न्यूट्रलवर आणि इंजिन चालू. बंद इंजिनवरचं माप धरायचंच नाही. इंजिनच्या खणातली एटीएफची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बिनधाग्याच्या कापडाने पुसा, परत घाला, काढा. दोन खुणांमधलं अंतर जेमतेम 0.4 लिटरचं, म्हणून बाटली उपडी करू नका.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लाल पसरला, ठीक. तपकिरी आणि जळका वास, म्हणजे क्लच प्लेटा जळताहेत. गंधकासारखा उग्र वास आला, तर गिअर ऑइल इकडे घुसलंय. मग डिफरेन्शियलचा 17 मिलिमीटर अॅलनचा प्लग खोला. पातळी भोकाच्या खालच्या कडेशी हवी. पातळ लालसर धारच लागली, तर सील गेलं. नुसतं तेल बदलून ते भागत नाही.

एटीएफ कमी होतंय, पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? व्हॅक्यूम मॉड्युलेटर म्हणजे इंजिनवर किती भार आहे ते गिअरबॉक्सला कळवणारी, आत पडदा असलेली डबी. तिला इंजिनकडून येणारी नळी काढून बघा. आतून लाल ओली असेल तर पडदा फाटलाय, इंजिन तुमचं एटीएफ पितंय. आणि नळी नुसती तडकलेली असली, तर गिअरबॉक्सला वाटतं अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय. गिअर उशिरा पडतो, धक्का देऊन पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्यात इंजिनाची धग, रबराचं काय होणार! पाचेक मिनिटांचं काम आहे, पण यापायी लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात.

तेल बदलताना पॅन उतरवा, जाळी धुवा, नवं गॅस्केट. बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरला कसा, समोरासमोरचे आळीपाळीने. पाच मिनिटांनी पुन्हा कसा, कारण गॅस्केट दबतं. जोर लावलात तर पॅन वाकेल. एकूण सहा लिटरपैकी तीनच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात राहतं. आधी अडीच लिटर भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळीकडे फिरवा, मग पुन्हा मोजून भरा. कंपनीचं वेळापत्रक 30,000 मैलांचं आहे. आपल्या उन्हात आणि नागपूरच्या सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या निम्म्यावरच बदला.

आणि ओढून नेणं. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्स कोरडा फिरतो, म्हणून मर्यादा 50 किलोमीटर, वेगही 50. धक्का मारून ती सुरू होत नाहीच. रामटेकला बंद पडली तर नागपूर जेमतेम गाठाल. भंडाऱ्याला पडली तर मागची चाकं उचलूनच आणा.