छातीच्या हाडामागची निवड

नमस्कार श्रोतेहो.

उसाचा हंगाम लागला की चिकोडी-निपाणीकडं फडाच्या कडेला खोप्या उभ्या राहतात. तिथं आईबापांबरोबर आलेली दोन-तीन वर्षांची पोरं दिसतात. आजचं बोलणं त्यांच्या छातीच्या हाडामागं, हृदयाच्या जरा वर असलेल्या एका मऊ ग्रंथीबद्दल आहे. तिचं नाव थायमस. तिचा जोर बालपणी. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, मोठ्या माणसात तिच्या जागी बरीचशी चरबीच उरते.

ही ग्रंथी बिनकामाची, असंच कित्येक वर्षं समजत होते. 1961 साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्लं रोगांना बळी पडू लागली. दुसऱ्या उंदराची कातडी लावली तर त्यांचं शरीर ती नाकारेना. आपलं-परकं ओळखणाऱ्या टी पेशीच त्यांच्यात पुरेशा तयार झाल्या नव्हत्या.

या पेशींचा जन्म हाडांच्या मगजात होतो, पण त्या घडतात थायमसमध्ये. तिथं प्रत्येक पेशी आपली जनुकं उलटसुलट जोडून स्वतःचा वेगळा ग्राही, म्हणजे समोरचं ओळखणारं अंगावरचं प्रथिन, बनवते. कुणाचा काय जमेल, आधी सांगता येत नाही. म्हणून परीक्षा. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात बघितलं जातं, की शरीराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर जे प्रथिनांचे तुकडे धरून दाखवतात, ते हिला वाचता येतात का? नाही आले, तर ती तीन-चार दिवसांत मरते. आतल्या भागातली परीक्षा मला सगळ्यात थक्क करते. तिथल्या काही पेशी एआयआरई नावाच्या जनुकाच्या जोरावर इन्शुलिनसारखी, एरवी दुसऱ्याच अवयवात बनणारी प्रथिनं थोडी थोडी बनवून दाखवतात. त्यांना जी घट्ट चिकटेल, ती उद्या आपल्याच शरीरावर उठेल. तिला बहुधा तिथंच संपवतात. अशा काहींना मात्र इतर पेशींना आवर घालण्याचं काम मिळतं. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाला 2025 चं नोबेल मिळालं.

तांदूळ निवडताना आपण चार खडे काढतो आणि तांदूळ ठेवतो. इथं उलटं आहे. 100 पेशींतल्या 95 हून जास्त बाद होतात.

एवढं काम उपाशीपोटी चालत नाही. कुपोषित मुलाची थायमस झपाट्यानं लहान होते. अन्नातलं जस्त कमी पडलं तरी ती आक्रसते. मुलाला नीट खाऊ घातलं की ती परत वाढते, पण आधी वजन भरतं आणि थायमस मागाहून सावरते. म्हणून पोराचं अंग भरलेलं दिसलं, तरी अंडं, डाळ, शेंगदाणे, दूध लगेच कमी करू नका. टोळीतल्या आयाबायांनो, नाव गावाकडच्या यादीत असलं तरी पोर इथं आहे, तेव्हा इथल्या अंगणवाडीत जाऊन विचारा. आणि फडमालकांनो, अंगणवाडी कुठं आहे एवढं तरी त्यांना दाखवा.