सहा वीसची गाडी

(पहाट. उपनगरातला शेवटचा बसथांबा. दिव्याच्या खांबाखाली पाटी घेतलेली एक बाई.)

डोक्यावर भाजीची पाटी असली की मान वळवता येत नाही. त्यामुळं ही मावशी गाडी येताना बघत नाही, ऐकते. सकाळी सहा वीसला इथून केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची बस, सुटते. मावशीची कॉलनी या थांब्यापासून आणखी एक किलोमीटर पुढं आहे. पलीकडच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर पाटीत भरून ती तेवढं अंतर रोज चालत येते. एकदा गाडीत बसली की शाहू मैदानापर्यंत काळजी नाही. तिथून कपिलतीर्थ मार्केट म्हणजे पायाखालची वाट.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिनं प्रभागाच्या नगरसेविकेला रस्त्यातच गाठलं. म्हणाली, "बाई, मत मागाय कॉलनीपतूर आलासा. गाडीबी कॉलनीपतूर आली तर काय हुतंय?"

नगरसेविका म्हणाल्या, "व्हय की मावशी. बघतो मी."

कोल्हापुरात बायकाही 'बघतो', 'येतो' असंच म्हणतात. त्या 'बघतो'चं पुढं काय झालं, ते आम्ही चार महिने त्यांच्याबरोबर फिरून पाहिलं.

(नगरसेविकेचं घर. दारात चपलांची रांग.)

सकाळी सात ते दहा घर उघडं. कुणाला रहिवासी दाखला हवाय, कुणाला मुलाच्या शाळाप्रवेशासाठी शब्द टाकून हवाय, कुणाच्या सासऱ्यांना दवाखान्यात बेड मिळेना. ताई एका शाळकरी वहीत सगळं उतरवून घेतात. घरातली कुकरची शिट्टी आणि बाहेरची गाऱ्हाणी एकाच वेळी चालू असतात. सासूबाई आलेल्या प्रत्येकाला चहा देतात. दोन चहांच्या मधे दाखल्यावर सही होते.

या गर्दीमागं एक कारण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. कोरोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद, आणि निवडणूक लांबतच गेली. पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांकडं होता. अधिकारी काम करत होते, पण रात्री अकराला ड्रेनेज तुंबलं तर दार वाजवायचं कुणाचं, हा प्रश्न गल्लोगल्ली होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. सभागृहात ८१ जागा. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक असायचा, आता शहराचे २० प्रभाग आणि एकेका प्रभागात चार-चार जण. एका प्रभागात तर पाच. लोकांचा गोंधळ उडणं साहजिक आहे. खड्डा कुणाच्या नावावर मांडायचा? ताईंनी उरलेल्या तिघांना गाठून तोडगा काढला: पक्ष कुठलाही असो, रस्त्याचं आणि पाण्याचं पत्र चौघांच्या सहीनंच जाईल. असं पत्र बाजूला सारणं कुणालाही अवघड जातं.

(महापालिकेची मुख्य इमारत. जिना. हातात फाईल.)

नगरसेवकानं सांगितलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायद्यात तसं नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. नगरसेवक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, निधी सुचवू शकतो. खड्ड्यात खडी टाका असा हुकूम देऊ शकत नाही. एका रस्त्यासाठी कनिष्ठ अभियंता मोजमाप घेतो, इस्टिमेट करतो, मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, वर्क ऑर्डर. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल थांबू शकते, आणि ती थांबली आहे हे कुणी आपण होऊन सांगत नाही. ताई दर मंगळवारी जिने चढतात आणि एकच विचारतात, "साहेब, माझी फाईल आज कुणाकडं आहे?" आवाज चढत नाही. पण पुढच्या मंगळवारीही त्या येणार, हे आता टेबलांना कळलंय.

डांबराच्या आधी त्या आणखी एक काम करतात, ते आम्हाला फार मोलाचं वाटलं. पाणीपुरवठा आणि ड्रेनेज, दोन्ही विभागांकडून लेखी घेतात की या रस्त्याखाली वर्षभर खोदाई नाही. नव्या डांबरावर महिन्याभरात चर पडलेली कोल्हापूरकरांनी कितीदा पाहिली आहे! काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन व्हावी म्हणून या शहरानं किती वर्षं मागणी केली, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं तेव्हा आनंदही मोठा झाला. पण घराघरातल्या नळापर्यंत जाणारी प्रत्येक नळी रस्त्याखालूनच जाते. क्रम चुकला की पैसा मातीत.

आणि रस्त्याच्या बाबतीत हे शहर हळवं आहे. इथल्याच रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा तो हटवण्याच्या मोर्चांत ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा ऐंशी ओलांडलेला माणूस पुढं चालत होता आणि मागं पेठांमधली घरंच्या घरं. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या मोर्चांत ताई होत्या, कडेवर मूल घेऊन.

(कॉलनीचा रस्ता. गतिरोधक. एक रिक्षा हळू वर चढून उतरते.)

आता मावशीची गाडी. केएमटीकडं पत्र गेलं. वाहतूक निरीक्षक पाहणीला आले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एक किलोमीटर पुढं म्हणजे जाऊन-येऊन दोन. वळायला वेळ, चढउताराला वेळ. दर फेरीला आठ-दहा मिनिटं वाढली, तर दिवसाअखेरीला एक फेरी कमी होते, आणि त्या फेरीवरही कुणीतरी अवलंबून असतंच. गाड्या मोजक्या. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून शहराला १०० गाड्या मंजूर झाल्या, तरी आज हातात असलेल्या गाडीतूनच आजचं माणूस न्यायचं असतं. किलोमीटरमागं उत्पन्न किती, हे निरीक्षकाला वर दाखवावं लागतं. रस्त्यावर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, पळतंच आहे. ते भरल्याशिवाय निघत नाही, आणि पाटी बघितली की थांबत नाही.

निरीक्षकांनी दोन अडचणी लिहून दिल्या. कॉलनीच्या टोकाला गाडी वळवायला जागा नाही. आणि वाटेत चार गतिरोधक असे, की गाडीचा तळ घासेल.

हे चारही गतिरोधक लोकांनी स्वतःच घातलेले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरनं आलेली गाडी त्यावरून न आदळता जावी, असा त्याचा उतार. इथं मात्र हातभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा, वरून फरशीचे तुकडे. रात्री दुचाकीवाला पडला तर उठणं कठीण.

फोडून टाकणं सोपं होतं. जेसीबीचा अर्ध्या तासाचा खेळ. ताईंनी तसं केलं नाही. त्या चारी गतिरोधकांसमोरच्या घरांत जाऊन बसल्या. तिसऱ्या घरातली बाई बराच वेळ बोललीच नाही. मग आत जाऊन तिनं मुलाला बाहेर आणलं. सातवीतला पोरगा, चालताना डावा पाय थोडा ओढतो. दोन वर्षांपूर्वी दारातच भरधाव दुचाकीनं उडवलं होतं. नवऱ्यानं त्या रविवारी स्वतः सिमेंट कालवलं. "तुम्ही फोडा म्हणता," ती म्हणाली, "आणि परत कुणी आलं तर?"

ताई त्या दिवशी काही पटवून देत बसल्या नाहीत. वाहतूक पोलिसांकडून ना-हरकत आणली. मापाप्रमाणं दोन नवे गतिरोधक, पांढरे पट्टे, अलीकडं सूचनेचा फलक. नवा गतिरोधक झाल्यावर त्या बाईला स्कूटरवर मागं बसवून त्यावरून दोनदा नेलं. त्यानंतरच जुने निघाले. तिच्या दारातला शेवटी. नवऱ्यानं स्वतः पहार घातली.

(कॉलनीचं टोक. तालमीच्या मंडळाचं पत्र्याचं शेड, समोर लावलेल्या चारचाकी.)

वळायची जागा तर होती, पण तिथं मंडळाच्या पोरांच्या गाड्या लागत. कोल्हापुरात तालीम आणि मंडळ यांना डावलून गल्लीत काही होत नाही, आणि ते वाईट आहे असं आम्हाला वाटत नाही. २०१९ च्या महापुरात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडून गेलं होतं तेव्हा, याच पोरांनी पूरग्रस्तांसाठी ट्रॅक्टर काढले होते आणि ताईंच्या बचत गटानं रात्रभर भाकरी थापल्या होत्या. ती ओळख कामाला आली. रात्री साडेनऊला शेडमध्ये बैठक बसली. पोरं म्हणाली, "ताई, गाड्या लावायच्या कुठं?" बोलणं तासभर चाललं. शेवटी ठरलं: पहाटे सहा ते रात्री दहा जागा मोकळी, मधल्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाला विचारायचं काम ताईंचं. गणपतीचा मांडव यंदा आठ फूट आत. एका पोरानं तिथल्या तिथं खडूनं रेघ मारली.

(पहाट. तोच रस्ता, पण एक किलोमीटर पुढं.)

जून लागण्याआधी, पाऊस आणि डांबर यांच्यामधल्या शेवटच्या आठवड्यात, केएमटीनं पंधरा दिवसांची चाचणी मंजूर केली. पहिल्या दिवशी ताई पावणेसहालाच उभ्या होत्या. गाडी आली. चालकानं शेडसमोर एकदा मागं घेतली, एकदा पुढं, आणि तोंड शहराकडं केलं. मंडळाची दोन पोरं झोपेतून उठून हात दाखवायला आली होती.

वाहकानं पाटी वर घेतली. मावशी पायरीवर थांबून म्हणाली, "बाई, तुमीबी चला की बाजाराला."

"मी नंतर येतो मावशी. मला मोजायचंय."

पंधरा दिवसांनी अहवाल जाणार, आणि त्यात किती माणसं चढली हा आकडा असणार. म्हणून ताई रोज पहाटे इथं असतात. ज्या दिवशी येता येत नाही, त्या दिवशी ते तिसऱ्या घरातलं पोरगं वही घेऊन थांबतं. पहिल्या दिवशी चौघं चढले. दुसऱ्या दिवशी सहा, त्यात एक कॉलेजची मुलगी. परवा पाऊस होता, तिघंच.

आज नववा दिवस. गाडी वळली. पोरानं पेन्सिलीनं लिहिलं: अकरा.